कर्नेल नवे, अडथळा जुना

लिनक्सवर चालणारा संगणक अद्ययावत केला, पुन्हा सुरू केला, आणि बाकी सारी संकेतस्थळे उघडत असताना एखादेच उघडेनासे झाले. पान अर्धवट येते, वर्तुळ फिरत राहते आणि काही मिनिटांनी जोडणीची मुदत संपल्याचा संदेश येतो. शेजारच्या जुन्या संगणकावर मात्र तेच संकेतस्थळ विनातक्रार उघडते. लिनक्स वापरणाऱ्यांना गेल्या पंचवीस वर्षांत हा अनुभव अनेकदा आला आहे. त्यावरचा पहिला निष्कर्ष बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे नवे कर्नेल सदोष आहे. हा निष्कर्ष केव्हा खरा असतो आणि केव्हा चुकीचा, हे समजून घेतले तर बराच वेळ आणि मनस्ताप वाचू शकतो.

हा विषय आता मोजक्या हौशी मंडळींपुरता उरलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. ज्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स हा बिनखर्चाचा पर्याय आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामकाजात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, आणि सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही प्रणाली लिनक्सवरच उभी आहे. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचे कर्नेल असते आणि घरातल्या बऱ्याच राउटरमध्येही तेच असते.

वडसा म्हणजेच देसाईगंज इथून पाहिले तर या प्रश्नाचे वजन लक्षात येते. गोंदिया–बल्लारपूर मार्गावरच्या या स्थानकामुळे हे गाव उत्तर गडचिरोलीची बाजारपेठ झाले. कुरखेडा, कोरची, आरमोरी भागातली माणसे इथे कामे घेऊन येतात. सातबारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारभूत किमतीने धान विकण्यासाठीची नोंदणी, ही सारी कामे आता ऑनलाइन झाली आहेत. पान उघडले नाही तर माणसाला 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असे सांगितले जाते. त्याचा एसटीचा खर्च आणि दिवसाची मजुरी वाया जाते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेची मुदत ठरवून दिली आहे, पण ती अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. अर्जच पुढे सरकला नाही, तर कायद्याचे घड्याळ सुरूच होत नाही.

म्हणून 'सर्व्हर डाऊन' या दोन शब्दांमागे नेमके काय घडत असते, ते क्रमाने पाहू.

कर्नेल हा संगणकप्रणालीचा गाभा असतो. स्मृती, डिस्क, पडदा आणि नेटवर्क यांच्याशी होणारा सगळा व्यवहार त्याच्यामार्फत चालतो. ब्राउझरने एखादे पान मागितले की त्या मागणीचे तुकडे करणे, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि पत्ता घालणे, हरवलेला तुकडा पुन्हा पाठवणे, ही कामे कर्नेल करते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात, आणि ज्या नियमांनी ही देवघेव चालते त्या नियमसंचाला टीसीपी. त्यामुळे कर्नेल बदलले की ब्राउझर तोच राहिला तरी नेटवर्कवर बोलण्याची पद्धत किंचित बदलू शकते.

टीसीपीची प्रत्येक जोडणी तीन निरोपांनी सुरू होते. आपला संगणक 'बोलायचे आहे' असे कळवतो, सर्व्हर 'मीही तयार आहे' म्हणतो, आणि आपण त्याला पोच देतो. याच पहिल्या निरोपांत दोघे आपापल्या क्षमता एकमेकांना सांगतात. पुढची सारी देवघेव इथे ठरलेल्या गोष्टींवर चालते आणि त्या पुन्हा सांगितल्या जात नाहीत. पुढे येणाऱ्या बिघाडाचे मूळ या तपशिलात आहे.

या क्षमतांपैकी एकीचा संबंध विंडोशी आहे. विंडो म्हणजे पोच मिळण्याआधी समोरच्याने किती बाइट पाठवायला हरकत नाही याचा आकडा. टीसीपीच्या मूळ आराखड्यात या आकड्यासाठी १६ बिटांची जागा होती. तिच्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. त्या काळातल्या संथ तारांना एवढी विंडो भरपूर होती.

पुढे तारा वेगवान झाल्या, पण अंतर तेवढेच राहिले. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यामार्फत निरोप जाऊन उत्तर यायला साधारण अर्धा ते पाऊण सेकंद लागतो. दर फेरीला ६५,५३५ बाइट आणि फेरीला ०.६ सेकंद असा हिशेब केला, तर एका जोडणीचा वेग सेकंदाला एक मेगाबिटही भरत नाही, मग विकत घेतलेली क्षमता कितीही असो. भारतनेट योजनेत दुर्गम ग्रामपंचायती उपग्रहाने जोडल्या जातात. त्यामुळे गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हा हिशेब पुस्तकापुरता राहत नाही.

यावरचा उपाय १९९२ मध्ये निघाला. व्हॅन जेकबसन, रॉबर्ट ब्रेडन आणि डेव्हिड बोरमन यांनी आरएफसी १३२३ हा दस्तऐवज लिहिला. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज. त्यातल्या विंडो स्केलिंग या सोयीनुसार दोन्ही बाजू पहिल्याच निरोपात एक गुणक सांगतात. गुणक ० असेल तर आकडा आहे तसा घ्यायचा, २ असेल तर चौपट समजायचा, ७ असेल तर १२८ पट. जागा १६ बिटांचीच राहिली, पण तिच्यातून जवळपास एक अब्ज बाइटांपर्यंतची विंडो सांगता येऊ लागली.

आता वाटेतल्या पेटीकडे वळू. आपला संगणक आणि सर्व्हर यांच्यामध्ये राउटर, फायरवॉल आणि भार वाटून देणारी यंत्रे असतात. पॅकेट पुढे पोहोचवणे एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असते. काही यंत्रे मात्र पॅकेट उघडून पाहतात आणि अनोळखी मजकूर स्वतःच्या समजुतीने बदलतात. अशा काही सदोष पेट्या पहिल्या निरोपातला गुणक पुसून तिथे शून्य लिहीत. सोय चालू असल्याची खूण तशीच राही, फक्त आकडा बदलला जाई.

याचा परिणाम धानाच्या व्यवहारावरून समजेल. गिरणीने शेतकऱ्याला सुरुवातीलाच कळवले, की आपले सगळे आकडे खंडीत समजावेत. मधल्या निरोप्याने 'खंडी'च्या जागी 'पायली' सांगितले. नंतर गिरणीने '४५ ची जागा आहे' असा निरोप धाडला, तेव्हा तिच्या मनात ४५ खंडी होत्या आणि शेतकऱ्याने ४५ पायली ऐकल्या. दोघेही ठरल्याप्रमाणे वागले, तरी माल दारातच अडला.

लिनक्सच्या इतिहासात हे नेमके कसे घडले ते आकड्यांनी पाहता येते. जून २००६ मध्ये कर्नेलची २.६.१७ ही आवृत्ती आली. तोवर येणारा मजकूर साठवण्याची कमाल मर्यादा मुळात १,७४,७६० बाइट होती. एवढी विंडो १६ बिटांत सांगायला २ हा गुणक लागतो. नव्या आवृत्तीने पुरेशी स्मृती असलेल्या यंत्रांवर ही मर्यादा ४ मेगाबाइटपर्यंत नेली. तेवढ्यासाठी गुणक ७ लागतो. बदल योग्यच होता, कारण तारांचा वेग वाढला होता.

त्या काळी लिनक्सचा संगणक जोडणीच्या सुरुवातीला साधारण ५,८४० बाइटांची, म्हणजे चार भरलेल्या पॅकेटांची विंडो देई. गुणक २ असताना हा आकडा चाराने भागून १,४६० असा लिहिला जाई. वाटेतल्या पेटीने गुणक पुसला असेल, तर सर्व्हरला खरोखर १,४६० बाइटांचीच मुभा दिसे. ते बरोबर एक भरलेले पॅकेट होते. काम हळू होई, पण होई. गुणक ७ झाला तेव्हा तेच ५,८४० बाइट १२८ ने भागून ४५ असे लिहिले जाऊ लागले. सर्व्हरला वाटले की समोरच्याकडे फक्त ४५ बाइटांची जागा आहे. एवढ्यात एका पानाचा मथळाही मावत नाही. काही सर्व्हर चिमूटभर मजकूर पाठवत राहिले, काही जागा वाढण्याची वाट पाहत थांबले, आणि वापरणाऱ्याला फिरते वर्तुळ दिसत राहिले.

म्हणजे दोष आधीपासून होता. आधीच्या कर्नेलच्या लहान गुणकाने तो झाकून ठेवला होता आणि नव्या कर्नेलने तो उघडा पाडला. शेजारच्या विंडोज एक्सपी संगणकावर तेच पान उघडे, कारण एक्सपी आपणहून ही सोय मागतच नसे. २००७ च्या सुरुवातीला विंडोज व्हिस्टा बाजारात आली. तिनेही विंडो आपोआप वाढवण्याची पद्धत स्वीकारली आणि तिच्या वापरकर्त्यांनाही अशाच अडचणी आल्या. तेव्हा हा एकट्या लिनक्सचा प्रश्न नव्हता.

अशीच घटना त्याआधीही घडली होती. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या कर्नेल २.४ मध्ये ईसीएन नावाची सोय होती. वाटेत गर्दी झाली की पॅकेट टाकून देण्याऐवजी राउटरने त्यावर गर्दीची खूण करावी, ही त्यामागची कल्पना. तिच्यासाठी टीसीपीच्या मथळ्यात तोवर राखीव ठेवलेले बिट वापरले गेले. अनेक फायरवॉलनी ते बिट पाहून पॅकेट संशयास्पद ठरवले आणि टाकून दिले किंवा जोडणी तोडली. ईसीएन चालू केलेल्या यंत्रांवर कित्येक संकेतस्थळे उघडेनात. सॅली फ्लॉइड यांनी २००२ मध्ये आरएफसी ३३६० लिहून स्पष्ट केले, की राखीव बिट पाहून जोडणी तोडणे अयोग्य आहे, कारण त्यामुळे पुढच्या सुधारणांची वाट बंद होते. लिनक्समध्ये पुढे असा मध्यममार्ग निघाला, की समोरच्याने मागितल्यास ईसीएन स्वीकारायचे, आपण होऊन मागायचे नाही.

तिसरा प्रकार पॅकेटच्या आकाराचा, आणि ब्रॉडबँडवर तो सर्वाधिक भेटतो. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल मर्यादा १,५०० बाइट असते. अनेक ब्रॉडबँड जोडण्या पीपीपीओई या पद्धतीने चालतात. तिची स्वतःची ८ बाइटांची खूण प्रत्येक पॅकेटला जोडावी लागते, म्हणून मजकुरासाठी १,४९२ उरतात. पॅकेट मोठे निघाले तर वाटेतला राउटर ते अडवतो आणि 'लहान करून पाठवा' असा निरोप उलट धाडतो. सुरक्षिततेच्या नावाखाली एखाद्या फायरवॉलने हे निरोपच बंद केले असतील, तर पाठवणाऱ्याला काही कळत नाही. तो तेच मोठे पॅकेट पुन्हापुन्हा पाठवतो आणि ते पुन्हापुन्हा नाहीसे होते. याची खूण ठळक असते. लॉगिनचे पान उघडते, नाव आणि पासवर्ड जातो, पण सातबाऱ्याची स्कॅन प्रत चढवायला घेतली की सारे थांबते. लहान पॅकेटे पोहोचत असतात, फक्त भरलेली अडतात.

चौथा प्रकार सर्व्हरच्या मांडणीचा. लिनक्स सर्व्हरमध्ये जुन्या जोडण्यांची जागा लवकर मोकळी करणारी एक कळ होती. अनेक व्यवस्थापकांनी वेग वाढेल या समजुतीने ती चालू केली. ती चालू असली की सर्व्हर प्रत्येक पत्त्यावरून शेवटी आलेला पॅकेटवरचा वेळेचा शिक्का लक्षात ठेवी आणि त्याहून मागचा शिक्का आला की ती विनंती मुकाट्याने टाकून देई. एका राउटरमागे चार संगणक असतील तर बाहेरून त्यांचा पत्ता एकच दिसतो, पण प्रत्येकाचे शिक्के वेगळे असतात. मग एकाचे पान उघडते, दुसऱ्याचे नाही, आणि थोड्या वेळाने नेमके उलट होते. २०१७ मध्ये कर्नेल ४.१० ने सुरक्षिततेसाठी प्रत्येक जोडणीचे शिक्के वेगळ्या आकड्यापासून सुरू केले. त्यामुळे अशा सर्व्हरपुढे एकटा संगणकही अडू लागला. त्याच वर्षी ४.१२ मधून ती कळच काढून टाकण्यात आली.

एवढे वाचून कर्नेल नेहमीच निर्दोष असते असा समज होऊ नये. जून २०१९ मध्ये टीसीपीतली एक गंभीर त्रुटी उघड झाली. तिला 'सॅक पॅनिक' हे नाव मिळाले. मुद्दाम रचलेली पॅकेटे पाठवून दुरूनच एखादे यंत्र बंद पाडता येत होते. तातडीने दुरुस्त्या आल्या, पण त्यांतल्या एकीने स्मृतीची मर्यादा गरजेपेक्षा कडक केली. काही प्रोग्रामांच्या जोडण्या अडकू लागल्या. स्टीम या खेळांच्या सेवेला लिनक्सवर जोडणी मिळेना. तिथे वाट ठीक होती आणि चूक कर्नेलची होती. ती मान्य झाली आणि काही दिवसांतच सुधारली गेली.

तेव्हा दोष कुठे आहे हे आधीच ठरवून चालत नाही. तो तपासाने ठरवावा लागतो. या तपासाचा क्रम सोपा आहे आणि त्याच्या पहिल्या तीन पायऱ्यांना तांत्रिक शिक्षण लागत नाही.

पहिली पायरी व्याप्ती पाहण्याची. एकही संकेतस्थळ उघडत नसेल, तर बहुधा नव्या कर्नेलबरोबर वायफायचे किंवा नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर नीट बसलेले नाही. ड्रायव्हर म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम. मोजकीच संकेतस्थळे अडत असतील, तर शोध वाटेकडे आणि त्या सर्व्हरकडे वळवावा.

दुसरी पायरी जुन्या कर्नेलची. उबुंटू, डेबियन यांसारख्या प्रणाली आधीचे कर्नेल पुसून टाकत नाहीत. यंत्र सुरू होताना ग्रब या सुरुवात करून देणाऱ्या प्रोग्रामच्या यादीतून ते निवडता येते. बाकी काहीही न बदलता तेवढेच बदलून पाहावे. जुन्यावर पान उघडले आणि नव्यावर अडले, तर बदलाशी संबंध आहे एवढे सिद्ध होते. दोष कर्नेलचा आहे, हे मात्र अजून सिद्ध होत नाही.

तिसरी पायरी वाट बदलण्याची. तोच संगणक, तेच नवे कर्नेल, पण जोडणी फोनच्या हॉटस्पॉटवरून घ्यावी. आता पान उघडले, तर अडथळा नेहमीच्या तारेवर, राउटरमध्ये किंवा सेवा पुरवणाऱ्याच्या यंत्रणेत आहे. तरीही उघडले नाही, तर संशय सर्व्हरच्या दारातल्या फायरवॉलवर किंवा कर्नेलवर जातो.

यापुढचे काम जाणकाराचे. संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता मिळतो का, आणि आयपीव्ही४ व आयपीव्ही६ या दोन्ही वाटा चालतात का, हे वेगवेगळे पाहावे. पिंग या आज्ञेने पॅकेटचे तुकडे न करण्याची अट घालून १,४७२ बाइट मजकूर पाठवावा. तो गेला नाही आणि १,४६४ गेला, तर वाटेत बहुधा पीपीपीओई आहे. २८ बाइटांचे मथळे मिळवले की हे आकडे १,५०० आणि १,४९२ होतात. पिंगला उत्तरच न देणारे सर्व्हरही असतात, त्यामुळे ही चाचणी उत्तर देणाऱ्या पत्त्यावर करावी.

मग टीसीपीडम्प या साधनाने पहिली काही पॅकेटे टिपावीत. आपण गुणक किती सांगितला, सर्व्हरचे उत्तर आले का, आले तर पुढचे तुकडे केवढे आहेत, हे त्यात स्पष्ट दिसते. उत्तरच आले नाही तर ईसीएन किंवा शिक्क्यांचा प्रकार तपासावा. उत्तर आले पण मजकूर अगदी लहान चिमटीने येतो आहे, तर गुणक पुसला गेला आहे. सुरुवात नीट झाली आणि मोठ्या पॅकेटांपाशी थांबले, तर आकाराचा प्रश्न आहे.

शेवटी एकेक सोय बंद करून पाहावी. विंडो स्केलिंग, वेळेचे शिक्के, ईसीएन, या तिन्ही कळा सिस-सीटीएल या आज्ञेने चालू-बंद होतात. एका वेळी एकच बदलावी आणि पाहून झाले की पूर्ववत करावी. तिन्ही एकदम बंद केल्या तर पान उघडेल, पण कशामुळे उघडले हे कधीच कळणार नाही.

बहुतेक जण याच टप्प्यावर थांबतात. विंडो स्केलिंग बंद केले, पान उघडले, विषय संपला असे त्यांना वाटते. या सोडवणुकीची किंमत मात्र मोठी असते. मुंबईपर्यंत फेरीला ४० मिलिसेकंद धरले, तर ६५,५३५ बाइटांच्या मर्यादेत एका जोडणीला सेकंदाला १३ मेगाबिटांच्या पुढे जाता येत नाही. परदेशातल्या सर्व्हरपर्यंत फेरीला पाव सेकंद लागत असेल, तर दोन मेगाबिट मिळतात. शंभर मेगाबिटांची फायबर जोडणी घेणारा ग्राहक मग सेवा पुरवणाऱ्याला दोष देत राहतो. त्यापेक्षा फक्त त्या एका पत्त्याच्या मार्गापुरती विंडो ६५,५३५ वर मर्यादित ठेवणे चांगले. लिनक्समध्ये तशी सोय आहे, आणि बाकीच्या जगाशी असलेला व्यवहार पूर्ण वेगाने चालू राहतो. आकाराचा प्रश्न असेल तर राउटरवर पॅकेटची मर्यादा १,४९२ करावी.

जुन्या कर्नेलवर कायमचे राहणे हा तर सर्वांत महाग उपाय. सॅक पॅनिकसारखी त्रुटी दुरुस्त न केलेला संगणक कोणीही दुरून बंद पाडू शकतो. ज्या यंत्रावर इतरांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि दाखले हाताळले जातात, त्याच्या मालकाने हा धोका पत्करणे योग्य नाही. जुने कर्नेल तपासापुरते आणि अडलेले काम उरकण्यापुरते वापरावे.

वाटेतल्या पेट्यांच्या या हट्टाचा परिणाम साऱ्या इंटरनेटवर झाला आहे. टीसीपीत नवी सुधारणा आणणे इतके अवघड होऊन बसले, की २०२१ मध्ये आरएफसी ९००० ने प्रमाणित झालेल्या क्विक या नव्या पद्धतीत नियंत्रणाचा बहुतेक मजकूरच कूटबद्ध ठेवला आहे. मधल्या यंत्रांना तो वाचता येऊ नये आणि बदलता येऊ नये, हा त्यामागचा एक हेतू आहे.

ही वस्तुस्थिती मांडल्यावर आमचे मत असे आहे. नियम पाळणारे कर्नेल आणि नियम मोडणारी पेटी यांच्यात खटका उडाला, तर दुरुस्ती पेटीची व्हायला हवी. प्रत्येक वापरकर्त्याने आपला संगणक त्या पेटीइतका जुना करून घ्यावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. कर्नेलच चुकले असेल, तर ते दाखवून द्यावे. तिथे चूक लवकर सुधारली जाते, हे २०१९ ने दाखवले आहे.

सार्वजनिक सेवेची संकेतस्थळे चालवणाऱ्यांवर ही जबाबदारी अधिक येते. खासगी दुकानाचे पान उघडले नाही तर ग्राहक दुसरीकडे जातो. धान नोंदणीला आणि जातीच्या दाखल्याला दुसरे दार नसते. म्हणून अशा प्रत्येक संकेतस्थळाची चाचणी नव्या कर्नेलवर, पीपीपीओई जोडणीवर आणि उपग्रहाच्या लांब फेरीवरही व्हायला हवी. फायरवॉलचे नियम ठरावीक काळाने तपासले जावेत. आणि 'पान उघडत नाही' अशी तक्रार तांत्रिक माहितीसह पाठवता येईल असा पत्ता पानावर ठळक छापलेला असावा, त्यामागे तो वाचणारा माणूस असावा.

आपल्या बाजूनेही काम आहे. तारीख, वेळ, कर्नेलची आवृत्ती, कोणत्या जोडणीवर पान उघडले आणि कोणत्या जोडणीवर अडले, एवढ्या नोंदींची तक्रार दुर्लक्षित करणे कठीण जाते. देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा इथल्या महाविद्यालयांत आणि आयटीआयमध्ये संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना हा तपास प्रात्यक्षिक म्हणून द्यावा. त्यासाठी महाग यंत्रे लागत नाहीत. एक जुना संगणक, लिनक्सच्या दोन आवृत्त्या आणि एक फोन पुरतो.

कोरचीहून आलेल्या माणसाला विंडो, गुणक किंवा ईसीएन माहीत असण्याची गरज नाही. पण त्याचा अर्ज का अडला, हे सेवा केंद्रावर कोणाला तरी शोधता आले पाहिजे, आणि शोधलेले कारण दूर करण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेले असले पाहिजे. ही व्यवस्था होईपर्यंत 'सर्व्हर डाऊन आहे' हे उत्तर पुरेसे मानू नये. निदान फोनच्या हॉटस्पॉटवरून एकदा पाहिल्याशिवाय कोणालाही माघारी पाठवू नये.